५० एमएम एफ/१.८ : कासचा एक हंगाम, दोन मुले आणि खोक्यात नसलेले हूड

पुण्याच्या सर्व्हिस सेंटरमधून लेन्स नुकतीच परत आली आणि बिलही भरून झाले, म्हणून आता शांतपणे लिहितो. या लेन्सची आकडेवारी वाचकांना तोंडपाठ असेल, त्यामुळे मी एकाच कामापुरते बोलणार आहे : एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ही लेन्स लावून सप्टेंबर-ऑक्टोबरात कासच्या पठारावर स्वतःच्या मुलांचे फोटो काढणे. आम्ही साताऱ्याचेच असल्याने शनिवार-रविवारची गर्दी टाळून जाता येते. आणि थोरला सहा वर्षांचा व धाकटी तीन वर्षांची असल्यामुळे कुठल्याही फोकस मोटरची परीक्षा आपोआप होते.

सुरुवातीचे काही दिवस मी एफ/१.८, म्हणजे भिंगाचे तोंड पूर्ण उघडे, सोडून हललोच नाही. चेहरा लख्ख आणि मागे तेरड्याचा गुलाबी रंग पसरलेला, असे फोटो नातेवाइकांना फार आवडले. पुढे ते सलग पाहू लागलो तेव्हा मात्र लक्षात आले की यात कास कुठेच नाही. एखाद्या स्टुडिओत रंगीत पडदा टांगला असता तरी हेच दिसले असते. शिवाय दीड मीटरवरून एफ/१.८ला पुढे-मागे जेमतेम सहा सेंटिमीटरची खोली स्पष्ट येते, म्हणजे मुलीने मान जराशी वळवली की एक डोळा हाती लागतो आणि दुसरा निसटतो. एफ/४ (तोंड थोडे मिटलेले) आणि दोन मीटर अंतर ठेवले की हीच खोली वीतभर होते, मागची सोनकी सोनकीसारखी दिसते आणि पोरेही हाती लागतात. पळत्या मुलांसाठी शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली नेऊ नये. ढगाळ हवेत त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवावा लागतो, तो बिनदिक्कत वाढवावा.

२०१२पासून जागतिक वारशात गणल्या जाणाऱ्या या पठारावर वाट सोडून फुलांत शिरायला मनाई आहे, आणि जांभ्यावरचा मातीचा थर पाहिला की ती किती रास्त आहे हे पटते. मुलांना फुलांच्या मधोमध बसवून फोटो काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ती वाटेवरच उभी राहतात, मी वाटेच्या वळणावर कॅमेरा गुडघ्याच्या खाली धरतो, आणि मधला तेरडा भिंगाच्या इतका जवळ येतो की एफ/४लाही त्याचे धुके होते. फुले पुढेही आणि मागेही आल्यामुळे मूल त्यांच्यातच उभे असल्यासारखे दिसते. पिवळा रेनकोट मात्र घरीच ठेवावा, कारण त्याचा रंग हनुवटीवर आणि गालांवर चढतो आणि मागाहून तो काढता काढता नाकी नऊ येतात.

जवळच्या कामात ही लेन्स तोकडी पडते. धाकटी वाटेच्या कडेला उकिडवी बसून, दोन्ही हात पाठीमागे बांधून (तोडायचे नाही, हे तिला पढवलेले), सीतेच्या आसवांकडे टक लावून बघत होती. ते निळे-जांभळे फूल जेमतेम सेंटिमीटरभराचे, आणि ही लेन्स ३५ सेंटिमीटरच्या आत फोकसच धरत नाही. फूल मोठे टिपता आले नाही, पण तिच्या कपाळावरच्या ओल्या बटा, नाक आणि खालचा निळा ठिपका असा जो फोटो आला तो आता आमच्या दिवाणखान्यात आहे.

आता मुख्य तक्रार. या लेन्सची पुढची नळी फोकस करताना आत-बाहेर सरकते. तिच्यावर बसलेला फटका थेट आतल्या गिअरवर जातो, आणि तो अडवणारी एकमेव वस्तू म्हणजे बाहेरच्या कड्यावर बसणारे हूड. ते कंपनी खोक्यात देत नाही! वेगळे विकत घ्या म्हणते, आणि त्या प्लास्टिकच्या नळकांड्याची किंमत ऐकून कुणीही हात आखडताच घेईल. कॅमेरा दिसला की लहान मूल पहिला हात भिंगालाच घालते. धाकटी धावत येऊन त्या नळीवर आदळली आणि फोकस जागच्या जागी अडकला. सर्व्हिस सेंटरने ‘बाह्य आघात’ असा शेरा मारून वॉरंटी नाकारली आणि लेन्सच्या निम्म्या किमतीच्या आसपासचे इस्टिमेट हातात ठेवले. ज्या नळीला संरक्षण लागते हे तुम्हालाच ठाऊक आहे, तिचे संरक्षण तुम्हीच वेगळे विकता, तर दोष ग्राहकाचा कसा, असे मी लेखी विचारले. बऱ्याच फोनाफोनीनंतर मजुरी माफ झाली, पण सुट्या भागांचे पैसे द्यावेच लागले.

इथवर लिहिताना दोनच तारे द्यायचे मनात होते. काल संध्याकाळी यवतेश्वरच्या घाटात मुलांना घेऊन गेलो आणि दुरुस्त झालेली लेन्स तपासून पाहिली. फोकस पूर्वीपेक्षा गुपचूप बसतो, धुक्यातही कमी चाचपडतो, आणि सुट्या भागांचे पैसे निदान पाण्यात गेले नाहीत. एवढ्या किमतीत मुलांसाठी याहून बरी लेन्स मला दिसत नाही, म्हणून पाचपैकी साडेतीन. उरलेला दीड तारा हुडाचा. मी मुंबईच्या बोरा बाजारातून साधे, बिनकंपनीचे हूड मागवले आहे आणि ते घट्ट बसते. नवीन घेणाऱ्यांनी दुकानदार फुकट देऊ करतो ती पिशवी नाकारावी आणि त्याऐवजी हूड मागावे. थोडी घासाघीस केली तर तो देतो.