पासपोर्ट एन्ट्रीचे आठशे रुपये

सोलापुरात कुणाकडे परदेशी पाहुणा उतरला असेल आणि इथून पुढे तो बसने जाणार असेल, तर आधी हे वाचा. आमच्या घरी आलेल्या मुलीला रात्री एक वाजता हैदराबादच्या वाटेवरच्या उमरग्याबाहेर हायवेवर उतरवून गाडी निघून गेली. तिला त्या गाडीत बसवून दिलं होतं मी. सगळं आयुष्य या गावात काढलेल्या माणसाने.

मुलगी जर्मनीची. माझी लेक लाइपझिगला शिकते, तिची ही मैत्रीण. नाव लिहीत नाही, तिनेच नको म्हटलंय. २०२४च्या जानेवारीत, गड्ड्याला म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला, मुंबईहून वंदे भारतने ती सोलापुरात आली. चार दिवस आमच्याकडे राहिली. सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा तिने गर्दीत उभं राहून पाहिला. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी आणि ते सात उंच नंदीध्वज पाहून तिचे डोळे भरून आले होते. बायकोच्या हातची शेंगाचटणी आणि कडक भाकरी ती रोज मागून खायची. जाताना दोन चादरी घेतल्या, म्हणून सामान वाढलं होतं. हे एवढं सांगतोय कारण पुढे जे झालं ते अशा पाहुणीशी झालं, आणि आमच्या गावात झालं.

तिला हैदराबादहून विमान पकडायचं होतं, दुसऱ्या दिवशी रात्री. रेल्वेला वेटिंग. संक्रांतीनंतर सोलापूर ते हैदराबाद हा रस्ता किती भरलेला असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. शहराच्या तेलुगू वस्तीच्या पूर्व भागातल्या निम्म्या घरांचे सोयरे तिकडचे, सणाला आलेले सगळे एकदम परत निघतात. तिने आदल्या दिवशी मोबाईलवर बसचं तिकीट काढायचा प्रयत्न केला होता. सीट दिसत होती, पण ॲपला ओटीपीसाठी भारतातला नंबर हवा होता आणि तिच्याकडे फक्त इंटरनेटचं सिम. माझा नंबर टाकून पाहिलं, तर पुढे तिचं कार्ड चाललं नाही. मी तेव्हाच माझ्या खात्यावरून पैसे भरले असते तर दोन मिनिटांत काम झालं असतं. "राहू दे, उद्या स्टँडवरून बसवून देतो," असं म्हणालो. परदेशी प्रवाशाची अडचण इथेच सुरू होते, हे मला आता कळतंय. तिकीट असतं, पैसेही असतात, पण ते तिकीट आपलं आपण काढता येत नाही. मग त्याला कुणावर तरी विसंबावं लागतं. त्या रात्री ती माझ्यावर विसंबली.

रात्री साडेनऊला आम्ही एसटी स्टँडवर पोहोचलो. रिक्षातून उतरतोय तोच तिशीतला एक जण पुढे आला. शर्ट इस्त्रीचा, कपाळाला विभूती, हातात पावतीपुस्तक. "मालक, हैदराबाद का? आत जाऊ नका, गाडी कॅन्सल झाली. आत्ताच स्पीकरवर सांगितलं." माझ्याशी मराठी, मागे उभ्या असलेल्या एका बाईंशी तेलुगू, आमच्या पाहुणीशी मोडकं इंग्रजी. "काय टेन्शन घेऊ नका मालक, पुण्याहून येणारी एसी स्लीपर आहे. एकच लोअर शिल्लक आहे, लेडीज सीटच्या शेजारची. सकाळी सहाला हैदराबादात."

चौकशीची खिडकी तिथून शंभर पावलांवर होती. मी गेलो नाही. दोन दिवसांनी मुद्दाम जाऊन विचारलं, तेव्हा कळलं की त्या रात्री गाडी रद्द झालेलीच नव्हती. उशिरा का होईना, आली आणि गेली.

स्लीपरचे त्याने १,९०० सांगितले. गड्ड्याची गर्दी म्हणून मी गप्प बसलो. मग सामानाकडे बघून म्हणाला, डिक्कीचे ५००. तेही मान्य केलं. आणि मग अगदी सहज, पावती लिहिता लिहिता म्हणाला, "फॉरेनर आहेत ना मॅडम. पासपोर्ट एन्ट्रीचे ८०० वेगळे. कर्नाटक बॉर्डरला आणि तेलंगणा बॉर्डरला, दोन ठिकाणी एन्ट्री करावी लागते. नाहीतर पोलीस गाडी अडवतात."

इथे मी का फसलो ते नीट सांगतो, कारण उद्या दुसरं कुणी याच जागी फसेल. परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाचा फॉर्म (तेव्हाचा फॉर्म सी) ऑनलाइन भरावा लागतो, लॉजवाल्यालाच नव्हे, आपल्यासारख्या घरमालकालाही. ती आली त्या रात्रीच मी तो भरला होता, तिचा पासपोर्ट आणि व्हिसा बघून. त्यामुळे परदेशी माणसाची नोंद करावी लागते हे माझ्या डोक्यात ताजं होतं. त्याने 'एन्ट्री' म्हटल्यावर मला ते खरंच वाटलं. अर्धं खरं असलेलं खोटं असं पटकन पटतं. प्रत्यक्षात व्हिसा असलेला पर्यटक महाराष्ट्रातून कर्नाटकात आणि तिथून तेलंगणात जातो, तेव्हा बसमध्ये त्याला कसलीही एन्ट्री नाही, कसलंही परमिट नाही, एक रुपयाही भरायचा नाही. खास परवानगी लागते असे काही सीमाभाग देशात आहेत, पण सोलापूर ते हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५ त्यात येत नाही. एवढं मला त्या वेळी माहीत असतं तर त्या ८०० रुपयांवरच त्याचं बिंग फुटलं असतं.

त्याने तिच्या पासपोर्टचा फोटोही स्वतःच्या मोबाईलवर काढून घेतला. "एन्ट्रीसाठी." याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. पैसे गेले तर गेले, पण तो फोटो आज कुठल्या मोबाईलमध्ये आहे कुणास ठाऊक.

एकूण ३,२००. हजार मी स्कॅन करून पाठवले, बाकीचे तिने रोख दिले. स्कॅनवर भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, "भावाचा कोड आहे." पावती हातात दिली. वर एका ट्रॅव्हल्सचं नाव छापलेलं, खाली बॉलपेनने 'हैद्राबाद १ सीट, ३२००, पेड'. गाडीचा नंबर नाही, सीट नंबर नाही, पत्ता नाही, सही नाही. मी ती वाचली आणि घडी करून तिच्या हातात दिली.

"गाडी स्टँडवर येत नाही मालक, मार्केट यार्डाच्या पुढे उभी राहते." त्यानेच रिक्षा करून दिली, स्वतः मागून मोटारसायकलवर. जानेवारीत तो रस्ता कांद्याच्या ट्रकांनी भरलेला असतो. तासभर आम्ही ट्रकांच्या मध्ये, धुळीत, अंधारात उभे. सव्वाअकराला एक पांढरी गाडी आली, हेडलाइट आमच्या डोळ्यांत. क्लीनर ओरडतोय, "चला, चला, लवकर." एजंट धावत पुढे गेला, ड्रायव्हरच्या खिडकीशी काही बोलला, हातात काहीतरी दिलं. बॅग डिक्कीत गेली, मुलगी आत गेली, दार लागलं. सगळं मिळून एक मिनिट. गाडीचा नंबर बघायचं सुचलंच नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं, बसवून दिलं व्यवस्थित.

एक वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

आत लोअर नव्हतं, अप्पर नव्हतं, काहीच नव्हतं. तिला ड्रायव्हरच्या केबिनमध्ये इंजिनावरच्या गादीवर बसवलं होतं, इतर तीन पुरुषांबरोबर. पुढे स्लीपर रिकामं होईल असं क्लीनरने खुणेने सांगितलं. उमरग्याच्या अलीकडे एका टपरीपाशी गाडी थांबली, तिची बॅग खाली काढली आणि "दुसरी गाडी, मागून" असं म्हणून ते निघून गेले. मागून कुठलीही गाडी येणार नव्हती. अर्धा तास ती त्या बॅगेवर बसून राहिली. मग तिने मला फोन लावला. आवाज शांत होता. रडत असती तर मला बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, जवळ कुणी असेल तर फोन दे. चहाची टपरी चालवणारे एक गृहस्थ आणि त्यांची मंडळी होती. त्यांनी फोन घेतला. म्हणाले, "काका, तुम्ही काळजी करू नका. ताईंना माझ्या घरच्यांजवळ बसवलंय. क्लीनर काय म्हणाला ते मी ऐकलंय. 'आम्हाला उमरग्यापर्यंतचेच पैसे मिळालेत' म्हणत होता." म्हणजे एजंटने ३,२०० घेतले, ड्रायव्हरच्या हातावर दोन-तीनशे टेकवले आणि शंभरएक किलोमीटरचं बोलून ठेवलं. त्या गाडीत तिच्या नावाची सीट कधी नव्हतीच. टपरीवाले हेही म्हणाले, की असं उतरवलेलं माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिलेलं नाही. आधीचे सगळे आपलेच, मजूर, बिगारी. भाषा येत असल्यामुळे ते भांडतात, शिव्या घालतात, मिळेल त्या ट्रकने जातात. बाईमाणूस आणि तीही परदेशी, हे पहिल्यांदा.

त्या माणसाने आपल्या मुलाला उठवलं, दोघांनी तिला मोटारसायकलवरून उमरग्याच्या एसटी स्टँडवर नेऊन सोडलं. एक पैसा घेतला नाही. पहाटे तीनच्या सुमारास हैदराबादला जाणारी कर्नाटकची गाडी आली. वाहकाने तिला पुढच्या बाकावर, स्वतःच्या जवळ बसवलं. मशीनमधून निघालेलं तिकीट हातात दिलं. तारीख, कुठून, कुठे, भाडं, सगळं छापलेलं. तिने त्याचा फोटो मला पाठवला. मी तो रात्रभर उघडून उघडून बघत होतो. सकाळी ती पोहोचली, रात्री विमानात बसली.

नंतर मी थोडी माहिती काढली. खासगी ट्रॅव्हल्सच्या गाड्यांकडे सहसा कंत्राटी परवाना असतो. म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ठरलेली माणसं न्यायची. वाटेत हात दाखवणाऱ्याला घ्यायचं आणि सुट्टं तिकीट फाडायचं, हा टप्पा वाहतुकीचा परवाना एसटीचा. म्हणून तर गाडी स्टँडपासून लांब, अंधारात उभी राहते. म्हणूनच पावतीवर नंबर नसतो. नंबर लिहिला तर तोच पुरावा होतो. भाड्याचंही तसंच. राज्य सरकारने २०१८ साली ठरवून दिलंय, की खासगी गाडीचं भाडं तशाच एसटी गाडीच्या दीडपटीहून जास्त घेता येत नाही. १,९०० ऐकल्यावर मी खिडकीवर एसटीचं भाडं विचारलं असतं, तरी पुरे झालं असतं. सगळे ट्रॅव्हल्सवाले असे नाहीत, हेही सांगतो. ॲपवर किंवा ऑफिसातून काढलेल्या तिकिटावर पीएनआर म्हणजे बुकिंगचा नंबर असतो, चढायची जागा असते, निघायच्या आधी गाडीचा नंबर मेसेजवर येतो. माझी लेक वर्षानुवर्षं तशीच पुण्याला जात होती.

पोलीस चौकीत गेलो. हवालदारांनी नीट ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, गाडीचा नंबर? आरटीओतही तोच प्रश्न. पावतीवर छापलेल्या नावाची ट्रॅव्हल्स शहरात सापडली नाही. उपयोगी पडला तो मी स्कॅन करून पाठवलेला हजाराचा व्यवहार. त्यावरून पोलिसांनी फोन लावला, आणि चार दिवसांनी माझ्या खात्यावर हजार रुपये परत आले. रोख दिलेल्या २,२०० बद्दल समोरचा म्हणतो, घेतलेच नाहीत. पुरावा नाही. पासपोर्टच्या फोटोबद्दल तिने तिकडे कळवून ठेवलं आहे.

माझ्या ओळखीत आता कुणाकडे परदेशी पाहुणा आला, की मी स्वतः फोन करून विचारतो, पुढचं तिकीट निघालं का. नसेल तर माझ्या मोबाईलवरून काढून देतो, पैसे नंतर. सोबत पर्यटकांची हेल्पलाइन १३६३ कागदावर लिहून देतो, तिथे परदेशी भाषांतही बोलता येतं. आणीबाणीसाठी ११२. हे दोन आकडे त्या रात्री तिच्याकडे नव्हते, मी दिले नव्हते.

तक्रार अजून मिटलेली नाही. २०२४च्या किंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी रात्री सव्वाअकराच्या सुमारास, मार्केट यार्डाच्या पुढे, हैदराबादच्या दिशेने जाणाऱ्या पांढऱ्या स्लीपर गाडीत तुमच्यापैकी कुणी असेल, केबिनमध्ये बसलेली निळ्या जाकिटातली परदेशी मुलगी कुणाला आठवत असेल, तर तुमच्या तिकिटावरचा किंवा मेसेजमधला गाडीचा नंबर तेवढा कळवा.