हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ आणि पट्ट्याचं पाचवं भोक

सेन्सर उत्तम, पट्टा भिकार. आठ महिन्यांच्या वापरानंतर एका ओळीत एवढंच. पण त्या पट्ट्यापायी बाकी सगळं कसं बिघडतं ते नीट सांगायला हवं, कारण सर्व्हिस सेंटरवाले ‘सेन्सर व्यवस्थित आहे’ म्हणून घड्याळ परत देतात आणि पट्ट्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

सोबत येणारा पट्टा सिलिकॉनचा, बक्कलवाला. चौथ्या भोकात लावला तर घड्याळ मनगटावर फिरतं, पाचव्यात लावला तर संध्याकाळी वळ उठतो. मनगट काही दिवसभर एका मापाचं राहत नाही. उकाड्यात, व्यायामानंतर फुगतं, थंडीत आकसतं. मागचे हिरवे दिवे चालतात ते रक्ताच्या जोरावर: ठोक्यासरशी मनगटात रक्त वाढतं, रक्त हिरवा प्रकाश शोषतं, परतणारा प्रकाश तेवढा घटतो. काच आणि कातडीत फट राहिली की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि घड्याळाची थरथरही त्या मोजणीत मिसळते.

सगळ्यात फसवा प्रकार चालताना होतो. भरभर चालणारा मिनिटाला 110-120 पावलं टाकतो. सैल घड्याळ दर पावलाला हलतं आणि तीच लय नाडी समजून बसतं. खरी नाडी 95, पडद्यावर 118! ओळखायची युक्ती सोपी आहे, एकदम थांबा. खरी नाडी सावकाश उतरते, पावलांची ‘नाडी’ धाडकन कोसळते. एरवी पडताळायचं तर पाच मिनिटं शांत बसा, मोकळ्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा आणि पूर्ण 60 सेकंद मोजा. 15 सेकंद मोजून चारने गुणलं तर मोजण्यातली एका ठोक्याची चूक चारची होते.

पहिले तीन महिने मत असं होतं की सेन्सरच रद्दी आहे. नायलॉनचा वेल्क्रोवाला पट्टा लावल्यावर ते बदलावं लागलं. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, कोपराच्या बाजूला. सरकणार नाही पण टोचणारही नाही इतपत घट्ट. बसल्याजागचे आकडे बोटांच्या मोजणीशी दोन-तीन ठोक्यांच्या फरकाने जुळायला लागले. बॅटरीही जास्त टिकते. सिग्नल कमजोर मिळाला की काही घड्याळं दिव्यांची प्रखरता वाढवतात, म्हणजे सैल पट्टा चार्जही खातो. धावता-थांबता व्यायामात मात्र अजून आकडा मागे पडतो. तिथे छातीवरचा पट्टाच हवा. मनगटावर गडद गोंदण असेल तर घड्याळाचा कुठलाच पट्टा कामाचा नसू शकतो, प्रकाश तिथेच अडू शकतो.

घड्याळातल्या ईसीजीबद्दल थोडक्यात. हात टेबलावर टेकवून दुसऱ्या हाताचं बोट 30 सेकंद बाजूच्या बटणावर. ठोक्यांची अनियमित लय, एट्रियल फिब्रिलेशन, यासाठी ते उपयोगी आहे. हार्ट अटॅक त्यात कळत नाही. छातीत दुखत असताना घड्याळाशी खेळत बसू नये.

माणूस पडला की ते ओळखून आपत्कालीन सेवेला कॉल लावायची सोयही काही घड्याळांत असते. ही पडल्याची नोंद दिव्यांवर चालत नाही, झटका मोजणाऱ्या चिपवर चालते. जोराचा आघात आणि पडतानासारखी मनगटाची हालचाल, हे ती शोधते. म्हणून खुर्चीवरून हळूच घसरलेला माणूस तिच्या लेखी पडलेलाच नसतो, आणि हातोडा मारणारा अधूनमधून ‘पडतो’. गादीवर पडून चाचणी घेणारे निराश होतात. गादी झटका गिळते. अ‍ॅपलने ही सोय 2018 मध्ये सिरीज 4 बरोबर आणली. त्यांच्या घड्याळात वय 55 किंवा जास्त नोंदवलेलं असेल तर ती आपोआप चालू होते, बाकीच्यांनी फोनवरच्या वॉच अ‍ॅपमध्ये ‘इमर्जन्सी एसओएस’मधून चालू करायची. आणि इथेही पट्टा आडवा येतोच! घड्याळ मनगटावर आहे का ते ओळखायची सेटिंग बंद असेल तर आपोआप कॉल लागत नाही. सैल घड्याळ सारखं लॉक होतं म्हणून वैतागून लोक नेमकी तीच बंद करतात.

दुसरी गोम जास्त गंभीर आहे. आपोआप कॉल जातो तो माणूस साधारण मिनिटभर हललाच नाही तर. त्यानंतरही 30 सेकंदांची उलटी मोजणी. खुब्याचं हाड मोडून पडलेला माणूस शुद्धीवर असतो, हात हलवतो. घड्याळ मग स्वतःहून कॉल न करता पडद्यावर उत्तर मिळायची वाट बघत राहतं. त्यामुळे मदतीचा कॉल स्वतः लावायला बाजूचं बटण दाबून धरायची सवय हाताला लावून ठेवावी. सराव करताना मोजणी सुरू होताच बटण सोडा, नाहीतर खरोखर कॉल जाईल. स्वतःचं सिम नसलेल्या घड्याळाला जवळ फोन लागतो, आणि फोन असतो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. खुद्द घड्याळ अंघोळीच्या वेळी किंवा रात्री चार्ज करू नका. ओल्या फरशीवर आणि अंधारात उठतानाच पाय घसरतो. टीव्हीसमोर बसल्यावर चार्जिंगला लावावं.

नवा पट्टा घेण्याआधी घड्याळाला पट्टा अडकतो तिथली रुंदी पट्टीने मोजा. 20 आणि 22 मिलिमीटर डोळ्यांना सारखेच दिसतात. 22 च्या जागी 20 चा बसतो खरा, पण पिनेवर डावी-उजवीकडे सरकतो आणि घड्याळ पुन्हा हलायला लागतं. नायलॉन भिजलं की लवकर वाळत नाही आणि खाली पुरळ येतं, म्हणून असे दोन ठेवा. दोन मिळूनही नव्या घड्याळापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात.