कांजिण्यांचा संपर्क: इम्युनोग्लोब्युलिन की असायक्लोविर?

घरातल्या लेकराला कांजिण्या आणि आई गरोदर? आधी तिची आयजीजी (रक्तातली कांजिण्यांविरुद्धची प्रतिपिंडं) तपासा. प्रतिपिंडं असतील तर इम्युनोग्लोब्युलिन आणि असायक्लोविर दोन्ही नकोत.

इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन संपर्कानंतर 10 दिवसांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. एका खेपेत काम होतं, पण ते महाग, मिळणं कठीण. शिवाय पुरळ उशिरा उठू शकतं, म्हणून 28 दिवस लक्ष ठेवायचं.

असायक्लोविर हे विषाणूरोधक औषध स्वस्त, सहज मिळतं: 800 मिग्रॅ, दिवसातून 4 वेळा, संपर्काच्या 7व्या ते 14व्या दिवसापर्यंत, डॉक्टरांच्या सल्ल्याने. घाबरून पहिल्याच दिवशी सुरू करू नका. विषाणू रक्तात दुसऱ्यांदा पसरतो तेव्हा गोळी पोटात हवी.

बहुतेक गरोदर आयांना गोळ्या पुरतात. मूत्रपिंडाचा विकार किंवा सतत उलट्या असतील तर इंजेक्शन. प्रसूतीआधी 5 ते नंतर 2 दिवसांत आईला पुरळ उठलं, तर बाळाला लगेच इंजेक्शनच. आईची प्रतिपिंडं त्याच्यापर्यंत पोचलेलीच नसतात.