जळगावातला 'नेव्ही क्लार्क' क्लास: टायपिंगला जा, फॉर्म मात्र स्वतः भरा

जळगावला बस स्टँडजवळच्या या टायपिंग क्लासच्या पाटीवर 'नेव्ही क्लार्क भरती' असं ठळक लिहिलंय. चोपडा, यावल, पाचोऱ्याची मुलं ते वाचूनच आत शिरतात. नौदलात कारकुनीचे दोन निरनिराळे रस्ते आहेत, हे मात्र काउंटरवर कुणी सांगत नाही. या क्लासची सगळ्यात मोठी उणीव हीच.

वर्दीतला रस्ता अग्निवीर एसएसआरचा, म्हणजे नौदलाच्या खलाशी भरतीचा. त्याला बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं, म्हणजे कॉमर्सची मुलं दारातच थांबली. रायटरच्या, म्हणजे वर्दीतल्या कारकुनाच्या, कामासाठी थेट अर्जही करता येत नाही. भरती झाल्यावर कोणती शाखा मिळेल ते नौदलाच्या गरजेवर ठरतं. भरतीत मुलांना १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत धावावं लागतं, तिथे टायपिंग कामाचं नाही.

टायपिंग लागतं ते सिव्हिलियन एलडीसीला, म्हणजे बिनवर्दीच्या कनिष्ठ लिपिकाला. त्यासाठी केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची सीएचएसएल ही परीक्षा द्यायची: कोणत्याही शाखेची बारावी, वय १८ ते २७, मूळ पगार १९,९००. या परीक्षेतून अनेक खात्यांत जागा भरतात, नौदलाची कार्यालयं त्यातलीच एक. 'नेव्हीच मिळेल' असं कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

शिकवणं मात्र खरंच चांगलं आहे. पहिल्या आठवड्यापासून हातांवर कापड टाकून टाइप करायला लावतात. खाली बघायची सोयच नसल्याने बोटं आपोआप जागेवर बसतात. रोज दहा मिनिटांचा उतारा घड्याळ लावून घेतात आणि चुका लाल पेनाने खुणावून कागद हातात देतात. वीज गेली तरी इन्व्हर्टरवर बॅच चालू राहते.

घोळ होतो तो कोर्स निवडताना. इथे बहुतेकांना मराठी ३० ला, म्हणजे मिनिटाला ३० शब्दांच्या कोर्सला, बसवतात. राज्याच्या नोकरीसाठी ते ठीक, पण एलडीसीच्या चाचणीत मराठी नाहीच. इंग्रजी मिनिटाला ३५ शब्द किंवा हिंदी ३०, एवढेच पर्याय. इंग्रजीचा हिशेब ताशी १०,५०० की-दाब, म्हणजे दहा मिनिटांत १,७५०. इंग्रजी ३० चं प्रमाणपत्रसुद्धा कमी पडतं, आणि प्रमाणपत्र दाखवून चाचणी टळतही नाही. म्हणून इंग्रजी ४० चाच कोर्स मागून घ्या. टायपिंगची भाषा फॉर्ममध्येच निवडावी लागते, नंतर बदलत नाही.

फॉर्म भरायची सेवा टाळाच. मुली, एससी आणि एसटी उमेदवारांना परीक्षा शुल्क माफ आहे, तरी इथे सरसकट शंभर रुपये 'फी' आणि वर भरणावळ वेगळी घेतात. पैशांपेक्षा मोठं नुकसान प्रवर्गाच्या रकान्यात होतं. ओबीसीला केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर लागतं; राज्याच्या नमुन्यातलं जोडून चालत नाही. एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग, केंद्राच्या भरतीत तो नाही. तिथे निकषात बसत असाल तर ईडब्ल्यूएस, नाहीतर खुला. हा रकाना चुकला की परीक्षा पास होऊनही कागदपत्र तपासणीत नाव उडू शकतं.

परीक्षा केंद्र निवडताना जळगावचा पर्याय यादीत असतो, तो पहिला टाका. क्लासला जायचं तर सकाळची पहिली बॅच घ्या. संध्याकाळी एका मशीनवर दोघांना बसवतात आणि सराव निम्मा होतो.