बारावीनंतर चाकांवरच जगायचं तर: अ‍ॅग्रेसिव्ह, स्पीड की बोर्ड?

स्पीड स्केटिंगचा बूट आणि अ‍ॅग्रेसिव्ह इनलाइन (एका रांगेत चाकं असलेल्या) स्केटिंगचा बूट शेजारीशेजारी उलटे करून ठेवले की अर्धी तुलना तिथेच होते. स्पीडच्या बुटाखाली ११० मिलिमीटरची चाकं आणि वर घोट्याखालीच संपणारा कडक कार्बनचा बूट. मांडीतून आलेला जोर कुठेही वाया जाऊ नये, एवढ्यासाठीच ही सगळी रचना. अ‍ॅग्रेसिव्हची चाकं जेमतेम ६० मिलिमीटरची. कित्येकदा त्यातली पुढची-मागची दोनच जमिनीला टेकतात, मधली दोन बारीक आणि टणक असतात (त्यांना अँटी-रॉकर म्हणतात), आणि त्यांच्यामध्ये फ्रेमला एक खाच असते. तळव्याच्या बाहेरच्या कडेला प्लास्टिकची रुंद पट्टी, ती सोल प्लेट. पळण्यासाठी हा बूट केलेलाच नाही. कठड्यावरून, लोखंडी रेलवरून घसरत जायला तो केलाय. त्या घसरण्याला ग्राइंड म्हणतात.

माझा भाचा गोव्यात डिचोलीला असतो, यंदा बारावीला. लहानपणापासून शाळेच्या बास्केटबॉल कोर्टावर स्पीड करत आला, गेली दोन वर्षं मात्र अ‍ॅग्रेसिव्हचं वेड लागलंय. गणेशचवथीला जेवताना त्यानं विचारलं, "मामा, यात प्रो होता येतं काय?" समोर बहीण नेवऱ्या वाढत होती, म्हणून मी विषय बदलला. त्याला आणि त्याच्यासारख्या इतरांना आता नीट उत्तर देतो.

आधी 'प्रो' म्हणजे काय ते. पगार नव्हे. कंपनी सुरुवातीला बूट-चाकं फुकट देते. मग टीममध्ये घेते. फार थोड्यांच्या नावाचा बूट किंवा चाक बाजारात येतं आणि त्या विक्रीतला हिस्सा मिळतो. बाकीचं पोट स्पर्धांची बक्षिसं, व्हिडिओ, शो आणि शिकवण्या यांवर. क्रिकेटसारखा करार डोळ्यांसमोर असेल तर तो पुसून टाका.

एके काळी यात पैसा होता. १९९५ साली एक्स गेम्स (अशा साहसी खेळांची टीव्हीवर दिसणारी अमेरिकी स्पर्धा) सुरू झाले तेव्हापासून अ‍ॅग्रेसिव्ह इनलाइन त्यात होतं. ब्राझीलच्या फाबिओला दा सिल्व्हानं तिथे ७ सुवर्णपदकं घेतली. व्हर्टमध्ये (उभ्या चढाच्या मोठ्या रॅम्पवरच्या प्रकारात) बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं उतरता यावं म्हणून जो नियम आला, तो तिच्याच नावानं ओळखला जातो. जपानचे यासुतोको बंधूही तिथेच गाजले. मग २००५ मध्ये एक्स गेम्सनी इनलाइन वगळलं. टीव्ही गेला, पाठोपाठ मोठ्या कंपन्यांचा पैसाही गेला. खेळ मात्र राहिला. नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला विंटरक्लॅश ही स्पर्धा भरते, कॅलिफोर्नियात सांता आनाला ब्लेडिंग कप. बूट बनवणाऱ्या कित्येक कंपन्या आता स्केटरच चालवतात. जॉन ज्युलिओ हा जुना प्रो, त्यानंच ब्लेडिंग कप सुरू केला आणि देम स्केट्स ही बुटांची कंपनीही. घरचंच कार्य असल्यासारखं आहे सगळं: जिव्हाळा भरपूर, गल्ल्यात फारसं काही नाही.

फ्रान्सचा ताइग ख्रिस घ्या. २०१० मध्ये आयफेल टॉवरवरून १२.५ मीटर खाली रॅम्पवर उडी मारली, जगानं पाहिलं. पुढे त्यानं टेलिफोनची कंपनी काढली. अमेरिकेचा ख्रिस हॅफी नायट्रो सर्कस या स्टंट करणाऱ्या मंडळीच्या शोंमधून उड्या मारत राहिला. म्हणजे वरच्या पायरीवरच्यांनाही स्केटिंगला जोडून दुसरं काहीतरी धरावं लागलं.

स्पीडची गोष्ट वेगळी. तिथे शिडी आहे, आणि आपल्याकडे ती जागेवर आहे. शालेय राष्ट्रीय स्पर्धा, मग फेडरेशनची राष्ट्रीय, मग आशियाई. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये भारताला ३००० मीटर रिलेत दोन कांस्यपदकं मिळाली, एक मुलांना, एक मुलींना. त्या रिलेतल्या आनंदकुमार वेलकुमारनं २०२५ मध्ये १००० मीटरमध्ये विश्वविजेतेपद घेतलं. केंद्र सरकारच्या खेळाडू कोट्यातल्या नोकऱ्यांसाठी जी खेळांची यादी आहे, तिच्यात रोलर स्केटिंग आहे. गोव्यात आईबापांशी बोलताना हे एक वाक्य बाकीच्या दहा वाक्यांवर भारी पडतं, कारण सरकारी नोकरी म्हटली की आमच्याकडे पुढचे प्रश्न आपोआप मिटतात. ऑलिंपिकमध्ये मात्र रोलर स्पीड नाही.

ऑलिंपिक हवं असेल तर बोर्ड. टोकियोत (२०२१ मध्ये झालं ते) स्केटबोर्डिंग आलं आणि जपानची १३ वर्षांची मोमिजी निशिया स्ट्रीटमध्ये (पायऱ्या, कठडे, रेल यांवरच्या प्रकारात) सुवर्ण घेऊन गेली. आपल्याकडे २०२२ च्या गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही बोर्ड होता. खर्चही कमी. पण १७ व्या वर्षी पहिल्यांदा बोर्डवर उभं राहून ऑलिंपिक म्हणणं मला पटत नाही. भाच्यानंही बोर्ड हे नाव काढलेलं नाही, म्हणून इथेच सोडतो.

एक घोळ वेळीच लक्षात घ्या. स्पर्धेचा फॉर्म भरताना 'इनलाइन फ्रीस्टाइल' असं दिसलं की मुलं खूश होतात. ते शंकूंमधून वळणं घेत जाण्याचं स्लॅलम आहे. रॅम्प आणि रेलवाल्यांची शाखा 'रोलर फ्रीस्टाइल', वर्ल्ड स्केट या जागतिक संघटनेच्या स्पर्धांत ती वेगळी असते.

आता गोवा. स्पीडला गुळगुळीत सपाट जमीन लागते. ती नसली तरी पहाटेचा मोकळा रस्ता बऱ्यापैकी चालतो. अ‍ॅग्रेसिव्हला लागतात कडा, आणि आमच्या कडा चिऱ्याच्या. वर सिमेंटचा गिलावा असतो, दोन-चार ग्राइंडमध्ये त्याचा टवका उडतो आणि खाली तांबडी भुकटी. मग घरमालक बाहेर येतो. चर्चच्या आणि देवळाच्या पायऱ्यांकडे तर बघूही नये, असं माझं सरळ मत आहे.

म्हणून आम्ही रेल करून घेतली. फॅब्रिकेटरकडून दोन इंची चौकोनी पाइप, आठ फूट लांब, खाली दोन पाय. रेल गुळगुळीत राहायला वरून मेणबत्ती घासायची. मेणबत्त्यांना गोव्यात तोटा नाही. भाच्याचा पहिला सोल ग्राइंड मी पाहिला तो याच रेलवर. मागच्या पायाची सोल प्लेट पाइपवर, पुढच्या पायाची खाच पाइपवर बरोबर बसलेली, गुडघे खोल वाकलेले. चाकांचा आवाज अचानक बंद होतो आणि पत्र्यावरून काहीतरी ओढल्यासारखा करकर आवाज येतो. आठ फूट म्हणजे सेकंदभर. खाली उतरल्यावर पोरानं मागे वळून पाइपकडेच पाहिलं, माझ्याकडे नाही.

जून ते सप्टेंबर सगळंच बंद. ओल्या रेलवर जाणं म्हणजे हात मोडून घेणं. बेअरिंगला खाऱ्या हवेत गंज चढतो, उघडून पुसून तेल दिलं नाही तर चवथीपर्यंत चाक फिरत नाही. स्पीडवाले एवढ्यात सायकल, दोरीउड्या, जिने करून ताकद तरी राखतात. अ‍ॅग्रेसिव्हमध्ये चार महिने रेलवर गेलं नाही की मन कचरायला लागतं, आणि कचरलेला स्केटर जास्त पडतो.

पडण्यावरून: मनगटात अंगठ्याच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं. हात टेकून पडलं की ते मोडू शकतं. पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, आणि रक्तपुरवठा कमी असल्यानं सावकाश जुळतं. माझं मोडलं तेव्हा मी मुरगळलं समजून तीन आठवडे तेल चोळत बसलो. आज बाटलीचं झाकण डाव्या हातानं उघडता येत नाही. व्यवसाय म्हणून बघता याचा अर्थ असा की एका पडण्यात अख्खा हंगाम जातो, आणि त्या काळात कुणी पैसे देत नाही. स्पीडमध्येही पडतात, पण तिथे पडणं हा अपघात असतो. इथे तो सरावाचा भाग आहे.

खर्चाचं म्हणाल तर चांगला अ‍ॅग्रेसिव्ह बूट बाहेरून मागवावा लागतो आणि वीस-पंचवीस हजारांच्या पुढेच जातो. स्पीडचा वरच्या दर्जाचा सेट त्याहूनही महाग पडतो.

तर माझा कौल. शिक्षण, नोकरी, पदक यांपैकी काहीही स्केटिंगमधून हवं असेल तर स्पीड, आणि अर्धवट नाही. पदवी होईपर्यंत राष्ट्रीय स्पर्धेत मागेपुढे कुठेतरी नाव दिसलं पाहिजे. अ‍ॅग्रेसिव्ह निवडायचं तर त्याच्यासोबत पोट भरणारं एक काम आजच निवडा, आणि ते शक्यतो याच खेळाजवळचं: कॅमेरा आणि एडिटिंग, मुलांना शिकवणं, रॅम्प बांधणं. गोव्यात पर्यटनाच्या हंगामात शिकवण्या मिळतात, पावसात मिळत नाहीत. तेव्हा वर्षाचा हिशेब आठ महिन्यांच्या कमाईवर मांडा. पंचविशीपर्यंत युरोपातल्या एका स्पर्धेचं तिकीट स्वतःच्या पैशानं काढता आलं, तर गाडी ठीक चाललीय समजा.

भाच्याला दोन्ही एकदम करायचंय. सकाळी स्पीड, संध्याकाळी रेल. वर्षभर करू दे, असं मी म्हणतो. मार्चमध्ये परीक्षा आहे हे त्याच्या आईनं मला तीनदा सांगून झालंय. रेल सध्या माझ्या पडवीत आहे. रेड ऑक्साइडचा दुसरा हात कालच दिला, आणि डिचोलीला टेम्पो कधी पाठवायचा ते अजून ठरलेलं नाही.