डीटीएफ प्रिंटर आणि हीट प्रेस: नऊ महिने वापरल्यावर

मागच्या दिवाळीनंतर मशीन घेतली, आता गणपती तोंडावर आलेत. आमच्यासारखं घरातल्या एका खोलीत टी-शर्टचं काम करणारे बरेच जण आहेत आणि विकणारे सगळं सांगत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे कामं मुख्य दोनच, तालमींच्या फुटबॉल टीमच्या जर्सी आणि मंडळांचे टी-शर्ट. पंधरा-वीस नग आणि प्रत्येकावर वेगळं नाव, वेगळा नंबर. स्क्रीन प्रिंटिंगला दर रंगाची वेगळी स्क्रीन बनवावी लागते, शे-दोनशे नग एकसारखे असतील तरच परवडतं. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेनं शाई कापडात मुरवायची पद्धत, स्वस्त पडते पण ते पॉलिस्टरवरच आणि तेही पांढऱ्या नाहीतर फिक्या कापडावर, काळ्या कॉटनवर काही उठत नाही. म्हणून डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) घेतलं, म्हणजे फिल्मवर डिझाईन छापायचं, त्यावर पांढरी शाई, मग चिकटवणारी पावडर टाकून वितळवायची आणि गरम प्रेसने कापडावर दाबायचं. आमचा प्रिंटर ए३ साईजचा, फोटो प्रिंटर बदलून केलेला, आणि प्रेस ३८ बाय ३८ सेंमीची.

प्रिंट सुंदर येते, रंग भरून येतात, त्यात खोट नाही. सगळा त्रास पांढऱ्या शाईचा. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते जड, तळाला बसतं आणि प्रिंटरच्या हेडमध्ये, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागात, सुकतं. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला घर पाहुण्यांनी भरलेलं, चार दिवस प्रिंटरला हात लागला नाही. पाचव्या दिवशी नोझल चेक (शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का बघायची रेघांची प्रिंट) काढून फिल्म काळ्या कापडावर ठेवली तर पांढऱ्याच्या निम्म्या रेघा गायब! क्लीनिंग मारून मारून शाई नुसती वाया गेली, विकणारा फोन उचलेना, शेवटी हेडच बदलायला लागलं आणि दोन महिन्यांची कमाई त्यात गेली. आता रोज सकाळी चहाआधी शाई हलवते आणि एक छोटी प्रिंट काढतेच, काम असो नसो.

पावसाळ्यात त्रास वेगळाच. हवा दमट झाली की पावडर कोऱ्या फिल्मलाही चिकटते, झटकून जात नाही, आणि प्रेस केल्यावर काळ्या टी-शर्टवर डिझाईनभोवती बारीक ठिपके दिसतात. खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत ठेवायची, पावडर वापरली की लगेच हवाबंद डब्यात.

प्रेसबद्दल कोणी फारसं बोलत नाही पण माझ्या मते खरा खेळ तिथंच आहे. सुरुवातीला नंबरांचे कोपरे धुतल्यावर सुटायचे, मी शाईला दोष देत बसले होते. मग तापमान मोजायची गन आणली, डिस्प्लेवर १६० अंश, मधोमध १५८ आणि उजव्या कोपऱ्यात १४१! आता डिझाईन मधेच ठेवते आणि फिल्म काढल्यावर बटर पेपर टाकून परत दहा सेकंद दाबते, तेव्हापासून तक्रार नाही.

आणि लाल पॉलिस्टर जर्सी घेताना जपून. पांढरे नंबर प्रेसवरून उतरले तेव्हा शुभ्र होते, दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गुलाबी. जास्त उष्णतेनं कापडाचा रंग वर चढतो. मॅच रविवारी, अख्खा सेट नवीन करून द्यावा लागला. आता पॉलिस्टरला कमी तापमानाची पावडर आणि प्रेस १३०च्या आसपास, आणि एक पीस रात्रभर ठेवून बघितल्याशिवाय पुढचे मारत नाही.

नवीन सुरू करत असाल तर आधी फक्त चांगली हीट प्रेस घ्या, पैसे तिथं घाला. छापलेली फिल्म बाहेरून मीटरवर करून मिळते, सगळ्या डिझाईन एकाच शीटवर नीट बसवल्या की स्वस्त पडते. रोज छापण्याइतकं काम यायला लागलं की मगच प्रिंटर. मी उलटं केलं. सध्या मंडळांची मोठी कामं मीही बाहेरूनच छापून आणते, घरच्या प्रिंटरवर फक्त नाव-नंबर आणि आयत्या वेळच्या ऑर्डरी.