बेलफास्टची काळी टॅक्सी: पाचपैकी चार तारे

डब्लिनला राहणारी आपली मंडळी पाहुण्यांना ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला नेतात, टायटॅनिकचं संग्रहालय दाखवतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत आणतात. माझं सांगणं, आधी काळ्या टॅक्सीतून कॅथलिक वस्तीचा फॉल्स रोड आणि प्रोटेस्टंट वस्तीचा शँकिल रोड बघा. दीड तासाची फेरी, भाडं माणशी नाही, टॅक्सीमागे. आई-बाबांसह आम्ही चौघं ऐसपैस बसलो.

आमचा चालक फॉल्सचा, कॅथलिक, साठीच्या पुढचा. १९६९ च्या ऑगस्टमध्ये जिथली घरं जाळली गेली त्या बॉम्बे स्ट्रीटवर त्याने गाडी उभी केली. नाव ऐकून बाबा सावरून बसले. तिथल्या घरांच्या परसावर लोखंडी जाळीचे पिंजरे आहेत, पलीकडून भिरकावलेलं काही अंगावर येऊ नये म्हणून. मागेच भिंत: खाली काँक्रीट, वर पत्रा, त्यावर पुन्हा जाळी. पलीकडे प्रोटेस्टंट वस्ती. काही फाटकं आजही रात्री बंद होतात. २०२३ पर्यंत अशा सगळ्या भिंती पाडू, असं उत्तर आयर्लंडच्या सरकारने २०१३ मध्ये जाहीर केलं होतं. भिंती उभ्याच आहेत.

चालकाने एक गोष्ट फार नीट समजावली. या दोन वस्त्यांमधलं भांडण प्रार्थनेवरून नव्हतं, उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडमध्ये जायचं यावरून होतं. पण कोण कुठल्या बाजूचा, हे बहुतेकदा चर्चवरून ठरायचं. त्यात साडेतीन हजारांवर माणसं गेली. मग त्याने आम्हाला क्लोनार्ड मठात नेलं. इथल्या फादर अ‍ॅलेक रीड यांनी आयआरए या सशस्त्र गटाशी जोडलेल्या शिन फेन पक्षाचे नेते जेरी अ‍ॅडम्स आणि हिंसेला विरोध करणारे कॅथलिक नेते जॉन ह्यूम यांच्या गुप्त भेटी घडवून आणल्या. शँकिलच्या बाजूने प्रेस्बिटेरियन पाद्री रॉय मॅगी तिथल्या सशस्त्र गटांशी बोलत राहिले. १९९४ मध्ये दोन्हीकडून शस्त्रसंधी जाहीर झाली, १९९८ मध्ये गुड फ्रायडे शांतता करार. बेलफास्ट म्हटलं की बॉम्बस्फोटांच्या बातम्या आठवतात; या दोन धर्मगुरूंची नावं मात्र शाळेत मुलांना सांगायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

एक तारा कापला तो शाळांपायीच. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट घरांतली बहुतेक मुलं आजही वेगवेगळ्या शाळांत शिकतात, आणि फेरीत त्यावर चकार शब्द नाही. तुम्ही आवर्जून विचारा. सगळे चालक क्लोनार्डला थांबतीलच असं नाही, तेव्हा बुकिंग करतानाच सांगून ठेवा. आणि डब्लिनहून जात असाल तर पौंड जवळ असू द्या.